गॉब्लिनचा रंग चुकत नाही

डिसेंबर २०२४मध्ये लंडन शेअर बाजाराच्या ‘फुट्सी १००’ या निर्देशांकात नॉटिंगहॅमच्या ‘गेम्स वर्कशॉप’चा समावेश झाला. बँका, तेलकंपन्या आणि औषधकंपन्या यांच्या पंक्तीला जाऊन बसलेली ही कंपनी प्रामुख्याने करड्या प्लॅस्टिकचे सुटे तुकडे विकते. गिऱ्हाइकाने ते तुकडे चौकटीतून कापून काढायचे, कडा घासायच्या, तुकडे चिकटवायचे आणि त्यातून उभा राहिलेला अंगठ्याएवढा योद्धा, बुटका किंवा राक्षस स्वतःच्या हाताने रंगवायचा. अशी फौज जमली की टेबलावर लुटुपुटीचे डोंगर, झाडं, पडके वाडे मांडायचे आणि मोजपट्टी व फासे घेऊन दोघांनी तासन्‌तास लढाई खेळायची. खेळाचं नाव ‘वॉरहॅमर’. सगळं काही तयार आणि घरपोच मिळण्याच्या काळात जगभरची माणसं अर्धवट माल हौसेने विकत घेतात आणि तो पुरा करण्यात रात्री घालवतात, ही घटना वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर येऊन गेली. ती कलेच्या पानावरही यायला हवी होती. प्रौढ माणसाच्या हातात पुन्हा ब्रश देण्याचं आणि तो तिथेच टिकवण्याचं काम या छंदाइतकं आज दुसऱ्या कुणी केलेलं मला दिसत नाही. हे त्याला साधलं ते त्यातल्या गमतीमुळे, असं माझं मत आहे. लढाई हे निमित्त आहे.

गंमत म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगायला हवं, कारण ‘वॉरहॅमर’ म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांसमोरही चिलखतातले धिप्पाड, रक्ताळलेले योद्धेच येतात. ते आहेतच, आणि कंपनीचा मोठा धंदा त्यांच्यावर चालतो. पण त्याच जगात गॉब्लिन आहेत: लांब नाकांचे, टोकदार कानांचे, हिरवे, भेकड आणि उपद्‌व्यापी. अळंब्यांचं पेय पिऊन बेभान झालेला गॉब्लिन साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवत सुटतो आणि फासा उलटा पडला तर स्वतःच्याच सैन्यात घुसतो. दुसरा एक चामड्याचे पंख बांधून गोफणयंत्रातून आकाशात झेपावतो आणि शत्रूवर डोकं आपटून मोकळा होतो. ‘स्क्विग’ नावाचा प्राणी म्हणजे दोन पायांवर उड्या मारणारा, नुसत्या दातांचा गोळा. त्याच्यावर मांड ठोकलेला स्वार कुठे जाऊन पडेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. यांचे थोरले भाऊबंद म्हणजे ऑर्क. लाल रंगाची गाडी जास्त वेगाने पळते अशी ऑर्कांची श्रद्धा आहे, आणि खेळाच्या काही आवृत्त्यांत लाल रंगवलेल्या गाडीला खरोखरच एक इंच जास्त चाल मिळत असे. ब्रशचा फटकारा असा थेट नियमात शिरलेला मला दुसऱ्या कुठल्या खेळात माहीत नाही. हा सगळा प्रकार एका कंपनीपुरताही नाही. ‘बरोज अँड बॅजर्स’ या ब्रिटिश खेळात उंदीर, बेडूक, कोल्हे आणि बॅजर चिलखतं घालून एकमेकांशी भिडतात, तर ‘टर्निप २८’ या खेळात नेपोलियनकालीन गणवेशातले सैनिक कंदमुळांनी ग्रासलेल्या चिखलजगात भटकतात आणि खेळाडू त्यांना घरात पडलेल्या जुन्या तुकड्यांतून जोडून काढतात.

ही गंमत या खेळात मुळात नव्हती. टेबलावरच्या युद्धखेळाचा उगम लष्करी शिक्षणात आहे. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ लष्करापुढे मांडला, त्यात तुकड्या म्हणजे लाल आणि निळे ठोकळे होते. रंगाचं काम एवढंच, की आपला कोण आणि परका कोण ते कळावं. इंग्लंडमध्ये ‘ब्रिटन्स’ने १८९३पासून पोकळ शिशाचे शिपाई काढले, ते स्वस्त पडत असल्यामुळे मध्यमवर्गीय घरांत पोचले आणि त्यांच्याच जोरावर एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे घरगुती लढाईच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी उडवायची आणि शिपाई पाडायचे, असा तो खेळ. तिथेही शिपाई खऱ्या सैन्यातले होते आणि बाजारातून रंगवूनच येत. अद्‌भुताचा शिरकाव झाला तो अमेरिकेत, १९७१च्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकात. मध्ययुगीन लढायांच्या नियमांना गॅरी गायगॅक्स यांनी चेटके, ड्रॅगन, बुटके यांची पुरवणी जोडली. राक्षसांचे पुतळे तेव्हा विकत मिळत नव्हते, म्हणून गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेल्या, पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांना टेबलावर आणलं. पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात गाजलेले लोखंड गंजवणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि अस्वल-घुबड एकत्र असलेला ‘आउलबेअर’ हे त्या पिशवीतूनच निघाले. कुणा अज्ञात कारागिराने ओतलेली ती खेळणी एका अख्ख्या कलाप्रकाराच्या मुळाशी आहेत, हे मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं तथ्य वाटतं. १९८३मध्ये ‘गेम्स वर्कशॉप’च्या मंडळींनी ‘वॉरहॅमर’ काढला तो ‘सिटाडेल’ या त्यांच्याच पुतळे बनवणाऱ्या शाखेचे धातूचे पुतळे जास्त विकले जावेत म्हणून. तोवर पुतळ्यांच्या पेटीत गॉब्लिनांनी पक्कं घर केलं होतं.

आता रंगवणाऱ्याच्या बाजूने पाहू. नेपोलियनच्या काळातली पलटण रंगवायला घेणाऱ्यासमोर एक बरोबर उत्तर आधीपासून असतं. कोणत्या रेजिमेंटच्या कॉलरचा रंग कोणता, बटणं पितळी की पांढरी, टोपीवरचा तुरा कसा, हे ग्रंथांत नोंदलेलं आहे आणि चूक दाखवणारा जाणकार प्रत्येक क्लबात हजर असतो. ती शिस्त मोलाची आहे, तिच्यातून इतिहासाचा अभ्यास घडतो. पण नवशिक्याच्या हाताला ती बांधून ठेवते. गॉब्लिनला मूळ नमुना नाही. त्याची कातडी पोपटी असेल, शेवाळी असेल, आजारी माणसासारखी पिवळट असेल किंवा सरळ निळी असेल. त्याच्या झग्यावर चंद्र काढा नाहीतर माशांचे सांगाडे काढा. चुकण्याची भीती काढून घेतली की माणूस किती वेगाने शिकतो, हे शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आपल्याकडे नेमकी उलट सवय लावली जाते. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना पिढ्यान्‌पिढ्या मुलं बसत आली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा घोटून सराव होतो, श्रेणी मिळते, दहावीच्या निकालात वाढीव गुण पडतात आणि मग बहुतेकांचा ब्रश कायमचा खाली ठेवला जातो. या परीक्षांनी अनेकांना कलेचं दार उघडून दिलं, हे मान्यच आहे. तरी इतकी मुलं रंगात हात घालून मोठेपणी त्यांतली इतकी कमी रंगवत राहतात, याचं एक कारण मला असं दिसतं की रंगवणं म्हणजे समोरच्या वस्तूशी जुळवून दाखवणं, एवढंच मनावर ठसलेलं असतं. जुळलं नाही की आपल्याला चित्रकला येत नाही, असं ठरतं.

गमतीदार पुतळ्याचा दुसरा गुण तांत्रिक आहे, आणि तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. या खेळांतला माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. माणसाचा चेहरा हुबेहूब प्रमाणात घडवला तर या मापात डोळा टाचणीच्या डोक्याहून लहान होतो आणि हातभर अंतरावरून चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. गॉब्लिनचं मात्र नाक बोटभर, कान डोक्याएवढे, तोंड या गालापासून त्या गालापर्यंत. १९८०च्या दशकात ‘सिटाडेल’साठी केव्हिन ॲडम्स यांनी घडवलेले गॉब्लिन आजही संग्राहक शोधत असतात, ते याच कारणाने. प्रत्येकाच्या तोंडावर वेगळी लबाडी आहे आणि ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचता येते. व्यंगचित्रकार जे कागदावर करतो, ते इथे घडवणाऱ्याने धातूत करून ठेवलेलं असतं. नवशिक्याच्या जाड ब्रशलाही पोचता येईल एवढी प्रत्येक गोष्ट मोठी असते, आणि रेखाटनाचा भाग, जिथे बहुतेकांची हिंमत खचते, तो आधीच झालेला असतो. म्हणून रंगवणारा पहिल्याच दिवशी रंगाच्या प्रश्नांशी झगडू लागतो. हे प्रश्न खरे आहेत. इतक्या लहान वस्तूवर खोलीतला प्रकाश पडला तर सावल्या जवळजवळ पडतच नाहीत, पुतळा सपाट दिसतो. म्हणून उजेड आणि सावली दोन्ही रंगवावी लागतात. आधी प्रायमर, मग मूळ रंगाचा हात. त्यावर पातळ गडद ‘वॉश’ सोडला की तो आपोआप घड्यांत, सुरकुत्यांत, बोटांच्या फटींत जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट रंग घेऊन वरवर झाडलं की नाकाचा शेंडा, गालाची हाडं, पोशाखाच्या कडा उजळतात. हिरव्या कातडीच्या सावलीत काळा रंग घातला की ती मळकट दिसते आणि तांबूस तपकिरी घातला की जिवंत होते, हा विरोधी रंगांचा धडा इथे पुस्तकाविना मिळतो. नाकाच्या शेंड्याला आणि बोटांच्या पेरांना थोडी लाली दिली की गॉब्लिनला थंडी वाजू लागते. डंकन ऱ्होड्स या लोकप्रिय ब्रिटिश शिक्षकाने रंग पाण्याने पातळ करून एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या, हा सल्ला इतक्यांदा दिला की ‘टू थिन कोट्स’ ही या मंडळींची परवलीच झाली आणि पुढे त्याच नावाने रंगांच्या बाटल्याही निघाल्या. घाई न करणं हा या कलेतला पहिला नियम आहे आणि तो गोळा फिरवणाऱ्या वेड्या गॉब्लिनवर शिकला जातो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं दुसऱ्याने घडवलेल्या आकारात रंग भरणं आहे, याला कला कशी म्हणायची? आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही इतिहासातून द्यायला हवं. सतराव्या शतकातल्या सेव्हिल शहरात लाकडी धर्ममूर्ती घडवणारे आणि रंगवणारे यांचे संघ वेगळे होते, आणि मूर्तिकाराने घडवलेली मूर्ती रंगवण्याचा अधिकार चित्रकारांचा होता. हुआन मार्तिनेझ मोन्तान्येस या थोर मूर्तिकाराच्या मूर्ती फ्रान्सिस्को पाचेको याने रंगवल्या. हा पाचेको म्हणजे वेलाझकेझचा गुरू आणि सासरा. त्वचेचा रंग चकचकीत असू नये, निस्तेज असावा, म्हणजे ती मांसाची वाटते, असं त्याने आग्रहाने मांडलं. आज पुतळे रंगवणारे शेवटी चकाकी घालवणारा मॅट वार्निश देतात, त्यामागे हाच विचार आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २००९मध्ये या रंगीत मूर्तींचं खास प्रदर्शन भरवलं, त्यात घडवणारा आणि रंगवणारा दोघांचंही श्रेय मांडलं होतं. आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. पेणच्या गणेशमूर्ती साच्यातून निघतात, एका साच्याच्या शेकडो. तरीही डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान तिथे वेगळा असतो, कारण मूर्तीत भाव येतो तो त्याच्या हातून. साच्यातून निघालेल्या वस्तूवर माणसाचं काम संपतं की सुरू होतं, हा प्रश्न पेणमध्ये केव्हाच सुटलेला आहे. श्रद्धेच्या मूर्तीची आणि खेळण्याची बरोबरी मी करत नाही. हाताचं काम मात्र दोन्हीकडे एकाच जातीचं आहे.

याच आक्षेपाचं दुसरं, जास्त अवघड रूप असं आहे: स्वातंत्र्य वगैरे ठीक, पण कंपनी डब्यावर रंगवलेला नमुना छापते, कोणत्या बाटलीतला कोणता रंग कुठे लावायचा हे सांगते, त्या बाटल्याही तीच विकते, आणि बहुतेक लोक निमूटपणे तेच करतात. हे बरंचसं खरं आहे. २०१९मध्ये याच कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही येतात, त्यामुळे काम झपाट्याने उरकतं आणि हजारो फौजा एकमेकींसारख्या दिसू लागतात. पण नमुन्याबरहुकूम करणं ही शिकण्याची पहिली पायरी जगातल्या प्रत्येक कलेत असते. तिच्या पुढची पायरी उपलब्ध आहे की नाही, हा खरा प्रश्न. १९८७पासून भरणाऱ्या ‘गोल्डन डीमन’ या स्पर्धेत सर्वोच्च बक्षीस म्हणून खरीखुरी तलवार दिली जाते, आणि तिथे गाजलेल्या कामांत डब्यावरचा नमुना ओळखूही येत नाही. कुणी पुतळ्याच्या हातातल्या दिव्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर रंगवून काढतं, कुणी धातूचा रंग न वापरता निव्वळ करड्या-निळ्या छटांतून चिलखत चमकवतं. शिवाय खेळानेच रंगवण्याला किंमत दिली आहे. ‘वॉरहॅमर’च्याच घराण्यातल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या २०२० आणि २०२३च्या आवृत्त्यांत शंभरांपैकी दहा गुण केवळ फौज रंगवलेली असण्याचे आहेत. काही खेळाडूंना हे जाचक वाटतं, डाव कौशल्यावर जिंकावा असं ते म्हणतात. मला ती तरतूद योग्य वाटते. न रंगवलेल्या करड्या तुकड्यांनी हा खेळ खेळायचा तर राइसविट्झचे लाल-निळे ठोकळे काय वाईट होते?

युद्धाचा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. मुलांच्या आणि मोठ्यांच्या मनोरंजनासाठी कत्तलीचा देखावा मांडणं बरं का, असं विचारणाऱ्याला मी हसण्यावारी नेणार नाही. वेल्स यांनी १९१३मध्ये असं मांडलं होतं की टेबलावरची ही छोटी लढाई खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरी, आणि जो ती खेळेल त्याला खरं युद्ध किती भोंगळ आणि भयंकर असेल याची कल्पना येईल. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. खेळ युद्ध थांबवत नाहीत, हे त्यातून दिसलं आणि ते मान्य करूनच बोलायला हवं. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘वॉरहॅमर ४०,०००’मधलं माणसांचं साम्राज्य हे हुकूमशाहीचं विडंबन म्हणून रचलं गेलं, तरी काहींनी ते विडंबन बाजूला ठेवून त्याचीच भक्ती सुरू केली. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी खुणा मिरवत आल्यानंतर, नोव्हेंबर २०२१मध्ये, गेम्स वर्कशॉपला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की ते साम्राज्य द्वेषावर चालतं, हा छंद चालत नाही, आणि द्वेष पसरवणाऱ्यांना तिथे जागा नाही. या प्रकरणाचा विचार केला की गमतीचं महत्त्व मला जास्तच पटतं. चिलखतातला निर्विकार, देखणा, अजिंक्य योद्धा कुणाच्याही मनात स्वतःचं चित्र म्हणून घर करू शकतो. स्वतःच्याच सैन्यात गोळा घेऊन घुसणाऱ्या गॉब्लिनचा झेंडा कुणी गंभीरपणे खांद्यावर घेत नाही. त्याची लढाई फसते, त्याचं शौर्य लगेच मावळतं, त्याचा सेनापती सगळ्यांत आधी पळतो. पराक्रमाच्या भव्य कथांनी जे झाकलं जातं, ते युद्धातलं खुळेपण त्याच्या प्रत्येक चालीतून दिसत राहतं. शिवाय आठवडाभर खपून ज्याच्या दातांवर एकेक पिवळट ठिपका दिला, तो पुतळा डावातून उचलून बाजूला ठेवताना खेळाडूला त्याचं तोंड दिसतं. प्रशियाच्या ठोकळ्याला तोंडच नव्हतं. यातून माणूस शांततावादी होतो असा माझा दावा नाही. या आकृत्यांतून युद्धाची भूल पडणं फार अवघड आहे, इतकंच मी म्हणतो.

खर्चाचा आणि प्लॅस्टिकचा मुद्दा थोडक्यात. छंद महाग आहे. भारतात हे डबे आयात होऊन येतात आणि जास्तच महाग पडतात. त्यामुळे इथे तो मोठ्या शहरांतल्या मोजक्या, सुस्थितीतल्या घरांपुरता राहिला आहे आणि याची खंत वाटायला हवी. प्लॅस्टिकबद्दल एवढंच म्हणता येईल की हे पुतळे फेकले जात नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचे धातूचे गॉब्लिन जुना रंग उतरवून पुन्हा रंगवणारे लोक आहेत, आणि त्या जुन्या पुतळ्यांभोवती ‘ओल्डहॅमर’ नावाची चळवळच उभी राहिली आहे. मोठ्या माणसांनी खेळण्यांत रमणं पोरकटपणाचं आहे, या तक्रारीला वेगळं उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांना क्रिकेटचा सामना दिवसभर पाहणं प्रौढपणाचं वाटतं, त्यांनी एक संध्याकाळ ब्रश हातात धरून पाहावा.

यंत्रांचा प्रश्न मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. घरच्या घरी थ्रीडी प्रिंटरवर पुतळे काढता येऊ लागले आहेत, आणि संगणक चित्रं काढून देऊ लागला आहे, तेव्हा हाताने रंगवण्याचे दिवस भरले, असं म्हटलं जातं. याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. २०००मध्ये अमेरिकेत ‘मेज नाइट’ हा खेळ रंगवून तयार असलेले पुतळे घेऊन आला, पाठोपाठ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनीही तसेच पुतळे बंद पाकिटांतून विकले. खप चांगला झाला, तयार पुतळे आजही विकले जातात. पण त्यामुळे रंगवणाऱ्यांची जमात ओसरली नाही. सुट्या करड्या तुकड्यांची कंपनीच ‘फुट्सी १००’मध्ये जाऊन पोचली. लोकांना रंगवलेला पुतळा हवा होता एवढंच कारण असतं, तर तयार पुतळ्यांनी हा बाजार वीस वर्षांपूर्वीच संपवला असता. त्यांना रंगवायचं होतं. प्रिंटरने तर उलट भर घातली आहे: घरगुती कलावंत स्वतःच्या कल्पनेतले बेडूकसरदार आणि अळंबीराजे घडवून त्यांच्या फाइली विकतात, आणि छापून निघालेला पुतळा पुन्हा करडाच असतो.

आपल्याशी याचा संबंध दूरचा नाही. महाराष्ट्रात दर दिवाळीला अंगणांत, सोसायट्यांच्या आवारांत, चाळींच्या बोळांत किल्ले उभे राहतात. दगड, माती, पोती यांचा डोंगर, गेरूचा हात दिलेले बुरूज, हळीव पेरून उगवलेलं गवत, आणि त्यावर मांडलेले मावळे. लहान आकृत्या आणि त्यांच्यासाठी हाताने उभारलेलं रणक्षेत्र, हे दोन्ही आपल्याकडे आहेच. शिवाय आपल्या किल्ल्यावर गंमतही भरपूर आहे: दरवाज्यापेक्षा उंच पहारेकरी, तोफेएवढी कोंबडी, गुहेत बसलेला वाघ, पायथ्याच्या बाजारात भाजीवाली, गवळण आणि वासुदेव. किल्ला मुलं स्वतः करतात. मावळे मात्र रंगवून तयार, बाजारातून विकत येतात, आणि अनेकदा घाईत मारलेल्या स्प्रेच्या रंगात. कामाचा सर्वांत शिकवणारा भाग आपण मुलांच्या हातून काढून घेतला आहे, असं मला वाटतं. यावर कुणी म्हणेल की महाराजांची मूर्ती नवशिक्या हातात देणं बरं नाही. मान्य आहे, तिथे नेमकेपण आणि आदर हवाच, आणि ती मूर्ती रंगवलेली घ्यावी. पण भाजीवालीच्या लुगड्याचा रंग कुणी ठरवलेला नाही, वासुदेवाच्या अंगरख्याच्या घड्यांत सावली कशी भरायची हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि गुहेतला वाघ निळा असला तरी इतिहासाला धक्का लागत नाही. गॉब्लिनने नॉटिंगहॅममध्ये जे केलं, ते इथे वासुदेव करू शकतो.

यासाठी परदेशी डब्यांची गरज नाही. पुण्याच्या कसब्यातल्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी भाजलेल्या मातीचे, न रंगवलेले पुतळे वेगळे विकायला ठेवता येतील. रंगकामाची मजुरी वजा झाल्यामुळे ते स्वस्तही पडतील आणि कारागिराला हंगामाच्या तोंडावरची रंगवण्याची धावपळ कमी होईल. शाळेतल्या कलाशिक्षकांनी सहामाही परीक्षेच्या आधीचे दोन तास त्यासाठी दिले, तर पांढऱ्याचा पातळ हात, त्यावर मूळ रंग, मग पाणीदार तपकिरी आणि शेवटी कोरड्या ब्रशचा उजेड एवढं मुलांना सहज दाखवता येईल. त्याला पोस्टर कलर आणि दोन ब्रश पुरतात. अट एकच, पुतळे लवकर बाजारात यायला हवेत. घटस्थापनेच्या सुमाराला घरी आणलेला कोरा वासुदेव, रोज अर्धा तास दिला तरी, वसुबारसेपर्यंत रंगून होतो.